चिपचं नाव छापायला काय जातं या लॅपटॉप कंपन्यांचं?

तीन आठवडे झाले, रोज रात्री दीड वाजेपर्यंत लॅपटॉप शोधत बसतोय. विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम चालवायचीय, बस. गेम नको, टचस्क्रीन नको. वायफाय लागलं पाहिजे आणि झाकण लावलं की मशीन झोपलं पाहिजे, उघडलं की उठलं पाहिजे. एवढं साधं कुठल्या मॉडेलमध्ये मिळेल हे पैसे भरायच्या आधी कळायची सोयच नाहीये, डोकं फिरलंय माझं.

स्पेसिफिकेशन उघडून बघा कुठलंही. प्रोसेसरचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत दिलेलं, वजन ग्रॅममध्ये, कीबोर्डच्या लाइटला वेगळी ओळ. आणि वायफायपुढे काय तर "वायफाय ६". अरे पण कोणाचं? इंटेलचं, रिअलटेकचं, मीडियाटेकचं? वायफाय ६ हे स्टँडर्ड झालं, ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर, लिहिला जातो तो चिपसाठी. लिनक्समध्ये आतली कार्डं दाखवणारी एलएसपीसीआय कमांड टाकली, नंबर दाखवायचा ऑप्शन लावला, की प्रत्येक कार्डापुढे एक जोडी येते, पहिला नंबर कंपनीचा, दुसरा चिपचा, पहिला ८०८६ असला की इंटेल. ती जोडी मिळाली तर पाच मिनिटांत कळतं ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आहे का आणि कितव्या व्हर्जनपासून. कंपनीला ती माहीत असतेच ना, कार्ड त्यांनीच बसवलंय! मग छापा की.

मागच्या वेळी तर मी सगळं वाचून घेतला होता. त्याच मॉडेलवर दहा जणांचं लिनक्स मस्त चाललेलं, तोच नंबर बघून घेतला, आणि आत निघालं वेगळंच वायफाय कार्ड. मधेच पार्ट बदलला, मॉडेल नंबर तोच ठेवला. त्या चिपचा ड्रायव्हर माझ्या डिस्ट्रोच्या, म्हणजे मी वापरतो त्या लिनक्सच्या प्रकाराच्या, कर्नलनंतर आलेला, म्हणजे नेट नाही, आणि नवा कर्नल उतरवायला नेटच पाहिजे. दोन दिवस फोन यूएसबीला लावून काम केलं. कार्ड बदलू म्हटलं तर ते बोर्डावरच सोल्डर केलेलं. कस्टमर केअरवाले म्हणाले आम्ही फक्त विंडोजला सपोर्ट करतो. मी सपोर्ट मागतच नव्हतो हो, पुढच्या माणसाला सांगता यावं म्हणून कुठल्या बॅचमध्ये कुठलं कार्ड आहे एवढंच विचारत होतो.

झोपेचं तर विचारूच नका. पूर्वी एस३ नावाचा झोपेचा मोड असायचा, रॅम सोडून जवळपास सगळं बंद, बॅटरी टिकायची. आता बऱ्याच नव्या मशीनमधून ते काढूनच टाकलंय, त्याच्या जागी एस०आयएक्स, म्हणजे सगळे पार्ट नीट शांत झाले तरच बॅटरी वाचणार, एक जरी जागा राहिला तर मशीन बॅगेत तापत बसतं आणि सकाळी उघडावं तर बॅटरी संपलेली. एस३ आहे का नाही हे स्पेसिफिकेशनमध्ये कुठेच नसतं. मशीन हातात घ्या, लाइव्ह यूएसबीने, म्हणजे लिनक्स टाकलेल्या पेनड्राइव्हने, बूट करा, लिनक्समधली मेम_स्लीप फाइल उघडा, त्यात "डीप" दिसलं तर आहे. विकत घ्यायच्या आधी हे करू कोण देतं?

कॅमेऱ्याचं पण तेच. इंटेलच्या आयपीयू६ला, म्हणजे प्रोसेसरमधल्या चित्र हाताळणाऱ्या भागाला, जोडलेला कॅमेरा असेल तर साध्या यूएसबी वेबकॅमसारखा चालत नाही तो, अशी मशीन २०२२ च्या आसपास येऊन पडली आणि त्याचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये आला ६.१० ला, २०२४ मध्ये. तोही अर्धा, चित्र सुधारायचं काम सॉफ्टवेअरवर टाकून. स्पेसिफिकेशनमध्ये मात्र दोन्हीकडे नुसतं "एचडी कॅमेरा".

आणि बीएसडी, म्हणजे लिनक्ससारख्याच दुसऱ्या सिस्टीम, वापरणाऱ्यांचे हाल तर याहून वाईट. फ्रीबीएसडीवर इंटेलची चांगली कार्डं वर्षानुवर्षं जुन्या ५४ एमबीपीएसच्या मोडमध्ये चालवली लोकांनी. ओपनबीएसडीत ब्लूटूथ नाहीच, एनव्हिडियाचा ड्रायव्हरही नाही. त्यांना तर एकेक चिप आधी बघावीच लागते.

मग लोक म्हणतात दोन-तीन वर्षं जुनं बिझनेस मॉडेल घे. सल्ला बरोबर आहे, मीही दुसऱ्यांना तोच देतो. पण नवीन मशीनचे पूर्ण पैसे भरायला तयार असलेल्या माणसाने जुनं का घ्यायचं, तर कंपनी एक ओळ छापत नाही म्हणून? मला हे पटत नाही, अजिबात पटत नाही.

काल एका कंपनीला ईमेल केला, वायफाय चिपचा नंबर द्या, बाकी काही नको. आज उत्तर आलं, या मॉडेलमध्ये वायफाय ६ आहे. परत लिहिलंय, या वेळी ती नंबरांची जोडी कशी दिसते तेही लिहून पाठवलंय.