‘घरी आणा, प्रेमाने सुटेल’ म्हणणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आणि नातेवाइकांच्याही ग्रुपवर एकच मेसेज फिरला. व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेल्याला पुन्हा सोबर होममध्ये, म्हणजे व्यसन सोडलेल्यांनी नियम पाळून एकत्र राहायच्या घरात, ठेवणं म्हणजे जेल, हा पैसे उकळायचा धंदा आहे, महिन्याभरात दारू अंगातून गेलेलीच असते, पुढचं काम घरच्यांचं प्रेम करतं, असं त्यात म्हटलंय. मी कात्रजजवळच्या अशा एका घरात आठ महिने राहिलोय. मेसेज वाचून कुणी आपल्या मुलाला अर्ध्यातून घरी आणेल, या धास्तीने लिहितोय.

दारू अंगातून जाते, हे खरं. थरथर, घाम बहुतेकांचा काही दिवसांत ओसरतो. पण झोप आणि चिडचिड कित्येक महिने ताळ्यावर येत नाहीत, तलफ तर कधीही उसळते. येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून हे काम करतंय. तिथेही उपचार संपले की फॉलोअपला या, असं बजावून सांगतात. ते उगीच नाही.

आता प्रेम. माझ्या आईइतकं प्रेम कुणी केलं नसेल. मी पिऊन आलो की शेजाऱ्यांना कळू नये म्हणून ती पटकन दार लावून घ्यायची, ताट वाढायची, सकाळी ऑफिसात फोन करून ‘त्याला ताप आहे’ सांगायची. केंद्रातून घरी आलो तेव्हा तीच आई मी दाराशी आलो की हळूच वास घ्यायची. मला अपमान वाटायचा, तिला अपराधी. सतराव्या दिवशी मी पुन्हा प्यालो.

कात्रजच्या त्या सोबर होममध्ये संध्याकाळी सात वाजता दारातच तोंडाची तपासणी व्हायची. सगळ्यांची. तीन वर्षं सोबर असलेल्या काकांचीसुद्धा. तिथे कुणाचं मन दुखायचं नाही, कारण नियम माझ्यासाठी म्हणून नव्हता. माझ्यासाठी घातक वेळ साडेसहाची, कामावरून सुटल्यानंतरची. त्या वेळी माझ्याकडे भाजी आणायचं काम असायचं. आठ वाजता एएची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ या गटाची मीटिंग. पगाराच्या दिवशी एक जण माझ्यासोबत बँकेत यायचा. प्रेमाला हे जमत नाही, आणि त्यात आईचा काही दोष नाही.

अमेरिकेत ‘ऑक्सफर्ड हाउस’ नावाची अशी घरं १९७५पासून आहेत. राहणारेच भाडं वाटून घेतात, कारभार मतदानाने चालतो, प्यायला की बाहेर. इलिनॉयमध्ये १५० जणांवर केलेला अभ्यास २००६ साली छापून आला. दोन वर्षांनंतर नशा करणाऱ्यांचं प्रमाण या घरांत पाठवलेल्यांमध्ये सुमारे ३१ टक्के होतं, उपचारांनंतर नेहमीच्या पद्धतीने सोडलेल्यांमध्ये सुमारे ६५ टक्के. म्हणजे घरामुळे सगळेच सुटतात असं नाही. पण फरक केवढा, ते बघा.

जेल म्हणाल, तर आमच्या दाराला आतून कडी होती. मी रोज कामाला जायचो. कोंडून ठेवणाऱ्या, मारहाण करणाऱ्या जागाही असतात, हे मात्र नाकारत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूच्या आणि ड्रग्जच्या व्यसनातून होणारा आजारही येतो, आणि त्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे.

पैशांची शंका रास्त आहे. एएच्या मीटिंगला फी नसते, घराला खर्च असतो. म्हणून आधी बघायला जा. महिन्याचा हिशेब मागा. कुणी प्यायला तर काय करता, ते विचारा. थेट स्वयंपाकघरात जाऊन राहणाऱ्या मुलांशी बोला, चालवणारा समोर नसताना.