दुगुन म्हणजे द्रुत लय नव्हे

गोव्यातल्या भजनी मंडळांच्या ग्रुपांवर सध्या फिरतंय, ‘दुगुन (दुप्पट गाणं) घेतली की लय द्रुत (जलद) होते.’ हे चूक. दुगुनीत तबल्याचा ठेका (तालाचे ठरलेले बोल) आहे त्याच गतीने चालतो. फक्त एका मात्रेत, म्हणजे तालाच्या एका ठोक्यात, ‘सारे’ असे दोन स्वर बसतात. त्रितालाच्या १६ मात्रांची दुगुन ८ मात्रांत संपते. म्हणून एकदाच घेऊन समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) यायचं तर नवव्या मात्रेवरून, म्हणजे ‘खाली’वरून (जिथे टाळी देत नाहीत त्या मात्रेवरून) उचलावी, दहा मात्रांच्या झपतालात सहाव्या. द्रुत म्हणजे ठेक्याचीच गती वाढवणं. घोळ होतो तो इथे: गायक दुगुनीच्या जागी तबलजीला ‘द्रुत’ सांगतो, तो ठेका पळवतो, गायकही दुप्पट गातो आणि सम हुकते. विलंबिताची (संथ लयीची) चौपट म्हणजे द्रुत, हा तर निव्वळ पुस्तकी हिशेब. मैफलीत कोणी तो मोजत नाही.