बोळे, माकडटोपी, हेल्मेट

मिनेसोटात राहायचं तर हिवाळ्याचं एक तरी वेड लागतंच, कोणी गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरत बसतं, आमच्याकडे नवऱ्याने मित्राबरोबर अर्धे अर्धे पैसे घालून सेकंडहँड स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर पळणारी स्कूटरच, घेतली. टू-स्ट्रोक. दोरी ओढली की शेजारचा कुत्रा आधी भुंकतो आणि मग नाद सोडून घरात जातो. नवऱ्याचं म्हणणं, अगं आता पूर्वीसारखा आवाज नसतो, 1975 पासून सर्टिफाइड गाडी फुल थ्रॉटलला 50 फुटांवरून 78 डेसिबलच्या आतच पाहिजे. असेल ना बाबा, पण मी 50 फुटांवर बसते का? मी तुझ्या मागे बसते.

बरं, हेल्मेट आहे की, हा दुसरा मुद्दा. हेल्मेट डोकं वाचवतं, कान नाही, उलट हनुवटीखालून वारा घुसतो आणि आतच गोंगाट करतो. आणि कानाचा हिशोब सावकाराच्या वरचा असतो हो. 85 डेसिबल 8 तास चालतो, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे 100 ला पोचलात की फक्त 15 मिनिटं, तेवढ्यात तर याचा गॉगल पुसून होत नाही.

म्हणून इअरप्लग. आईला सांगलीला फोनवर सांगितलं तर म्हणे कापसाचा बोळा घाल गं, वर माकडटोपी, एवढं काय त्यात. कापसाने वारा अडतो, आवाज फारसा नाही. मग फोमचे आणले. तो फोम बोटांत वातीसारखा बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोट लावून उभं राहायचं. म्हणजे मी गॅरेजमध्ये स्वतःच स्वतःचा कान पिळत उभी आणि नवरा व्हिडिओ काढतोय. बाहेर हे जमतच नाही, उणे 20 मध्ये फोम कडक होतो, फुगायचं नावच घेत नाही, आणि ग्लोव्हज काढलेले असल्यामुळे तोवर बोटंही कडक.

मग त्यावर माकडटोपी, मग हेल्मेट. हेल्मेट ओढलं की उजवा बोळा बाहेर! मग हेल्मेट काढा, टोपी काढा, चष्मा काढा (तो धुरकटलेलाच असतो), बोळा शोधा. तो सापडतो कॉलरच्या आत, मानेशी. हेल्मेटच्या कडा दोन्ही हातांनी फाकवून मग डोक्यावर उतरवायचं ही युक्ती मला एका म्हाताऱ्या मेकॅनिकने सांगितली, तीसुद्धा ओरडून, कारण त्याच्या उमेदीच्या काळात कानात काही घालायची पद्धतच नव्हती.

बोळ्यांच्या पाकिटावर 33 लिहिलंय, म्हणजे आवाज 33 डेसिबलने कमी होईल, म्हणून खूश होऊ नका. तो आकडा लॅबमधला. सेफ्टीवाले त्यातून 7 वजा करतात आणि उरलेलं अर्धं धरतात, म्हणजे हातात 13. पण 13 म्हणजे पण पुष्कळ झाले, वरचा 3-3 चा हिशोब लावून बघा. शिवाय नवऱ्याच्या ड्रायव्हिंगवर मागून केलेल्या सूचना त्याला ऐकू येत नाहीत आणि त्याची उत्तरं मला, संसाराला हे चांगलंच आहे.

तो स्वतः मात्र घालत नाही. कानात गुदमरल्यासारखं होतं म्हणे. आतल्या कानात बारीक केसांच्या पेशी असतात, एकदा मेल्या की परत उगवत नाहीत, हे मी त्याला सांगितलंय. डोक्यावरच्या केसांसाठी याने आजवर काय काय तेलं चोपडली, आणि इथे फुकट सल्ला मिळतोय तर नको.

परवा राइडवरून आल्यावर म्हणाला कानात शिट्टी वाजतेय जरा, आणि टीव्ही लावला, आवाज एवढा की वरच्या खोलीत पोराचा अभ्यास थांबला. मी म्हटलं, अरे आवाज कमी कर.

"चहा?" तो म्हणाला, "हो, टाक थोडा."