एकाच घरातला किराणा, एकाच चुलीवरचा स्वयंपाक आणि वजन : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

वजन उतरवताना पोट भरेल पण कॅलरी कमी राहतील अशा जेवणासाठी भाजीबाजार आणि किराणा कसा करावा, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : ही यादी ज्यांना परवडते त्यांच्यासाठी आहे, सासूबाई, यजमान, मुलगा आणि आपण अशा चौघांच्या घरात एकटीसाठी वेगळे शिजवणे शक्य नाही, आपल्या आजीने भाकरी-तूप खाल्ले, कॅलरी कधी मोजल्या नाहीत, तेव्हा भात सोडून भाकरी धरली की पुरे, आणि पोटभर जेवून वजन उतरते हे आश्वासनच खोटे आहे, भूक सोसावीच लागते. आक्षेप गंभीर आहेत आणि अनेक घरांतून मला तेच ऐकू येतात, म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळे होण्याऐवजी सविस्तर लिहिते आहे.

वेगळ्या स्वयंपाकाचा मुद्दा आधी घेते, कारण माझ्या मते बाकीचे सारे त्यावर उभे आहे. आपल्यासाठी वेगळे शिजवा असे मला मुळीच सुचवायचे नाही, उलट वेगळा स्वयंपाक हा वजन उतरवण्याचा बेत मोडण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे असे मी मानते. घरात काय शिजणार हे ओट्यापाशी ठरण्याच्या कितीतरी आधी, वाण्याकडे यादी देताना ठरलेले असते. त्यातही सर्वांत वजनदार निर्णय तेलाचा असतो. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत दिवसाला २,००० कॅलरींच्या आहारासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅमचे प्रमाण दिलेले आहे. चार माणसांचा महिन्याचा हिशेब केला तर ते सव्वातीन किलोच्या आसपास, म्हणजे साधारण साडेतीन लिटर होते, आणि त्यात तूप-लोणीही आले. आता ज्या घरात दर महिन्याला पाच लिटरचा डबा येतो आणि महिनाअखेर रिकामा होतो, तिथे दीड लिटर तेल जास्तीचे झाले. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात. या हिशेबाने जास्तीच्या तेलातून माणशी रोज शंभर कॅलरी पोटात जातात, आणि त्यातून पोट भरल्याची जाणीव जवळजवळ काहीच होत नाही. महिन्याच्या यादीत ‘पाच लिटर’च्या जागी ‘तीन लिटर’ लिहिले की कोणाचेही ताट वेगळे न करता हा फरक पडतो, आणि खर्चही वाढत नाही, कमी होतो.

तेल कमी आणले की स्वयंपाकाची पद्धत थोडी बदलावी लागते, हे खरे. फोडणीला पळीने अंदाजे तेल ओतण्याची सवय मोडून चमच्याने घालावे लागते. एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी असतात आणि मध्यम पळीत असे दोन चमचे सहज मावतात. चौघांच्या भाजीला एक मोठा चमचा तेल पुरते, मात्र कढईवर झाकण ठेवून त्यावर पाणी ठेवावे, म्हणजे भाजी वाफेवर शिजते आणि बुडाला लागत नाही. आमटी किंवा उसळ करताना शिजवलेल्या डाळीला, कडधान्याला जुजबी फोडणी देऊन आपला वाटा आधी काढून घ्यावा, मग मुलासाठी आणि यजमानांसाठी वरून खोबऱ्याचे वाटण किंवा लसणाची चुरचुरीत फोडणी घालावी. पातेले एकच राहते आणि चव कोणाचीच जात नाही. दाण्याचे कूट आणि ओले खोबरे यांनाही हेच लागू आहे : दोन्ही पदार्थ चांगले आहेत, पण शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पाचशेहून अधिक कॅलरी असतात, तेव्हा कोशिंबिरीत कूट मूठभर नको, चमचाभर असावे.

आता परवडण्याविषयी. यात आपले म्हणणे बरेचसे रास्त आहे आणि ते मी झटकून टाकणार नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या त्याच सूचनांप्रमाणे माणशी रोज ४०० ग्रॅम भाजी म्हणजे चौघांना दीड किलोहून जास्त होते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पालेभाजीची जुडी हातात घेतली की भाव ऐकून ती परत खाली ठेवावीशी वाटते. पण माझ्या यादीत ब्रोकोली किंवा परदेशी फळे नव्हती. पावसाळ्यात पालेभाजी महागते, चिखलाने भरलेली आणि लवकर सडणारी असते. त्या दिवसांत दुधी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, काकडी घ्यावी. थंडीत मेथी, पालक, मुळा, गाजर, फ्लॉवर, कोबी यांची आवक वाढते तेव्हा भरपूर घ्यावे. पाव किलो दुधीत जितक्या कॅलरी असतात, जवळपास तितक्याच एका लहान चमचाभर तेलात असतात. वजन उतरवणाऱ्याने मंडईत पिशवी कशाने भरावी, याचे उत्तर मला तरी या एका तुलनेत सापडते. मंडईत संध्याकाळी उशिरा गेल्यास भाजीवाल्या मावशी उरलेला माल वाट्यावर देतात, तोही घ्यावा. मात्र दुधी नखाने टोचून कोवळा आहे का ते पाहावे, जून दुधीचे अर्धे वजन बिया आणि गाभ्यातच जाते.

पैशांची दुसरी बाजू अशी की ज्या यादीत भाजी ‘परवडत नाही’, त्याच यादीत बहुतेक वेळा फरसाण, शेव, टोस्ट, खारी आणि दोन-तीन प्रकारची बिस्किटे असतात. किलोच्या भावाने पाहिले तर फरसाण हरभऱ्याहून बरेच महाग पडते. शंभर ग्रॅम फरसाणात पाचशेच्या पुढे कॅलरी असतात आणि गप्पा मारता मारता तेवढे सहज संपते. तेवढ्याच हरभऱ्यांना मोड आणून उसळ केली तर दोघा-तिघांचे जेवण होते आणि प्रथिने व चोथा दोन्ही मिळतात. मटकी, मूग, हरभरा, चवळी, कुळीथ ही कडधान्ये अख्खी घ्यावीत, कारण सालासकट असल्याने त्यांत डाळींपेक्षा चोथा जास्त असतो. घरात अंडी चालत असतील तर एका उकडलेल्या अंड्यात ७५च्या आसपास कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. सोयाबीनच्या वड्यांत शंभर ग्रॅममागे पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात आणि तेल जवळजवळ नसते; मुलांना त्या आमटीत आवडत नाहीत, पण खिमा करून मटारबरोबर परतल्या की आवडीने खातात.

आपल्या आजीच्या भाकरीविषयी मला मनापासून आदर आहे, तरीही भाकरी धरली की वजन उतरते हा समज मला मान्य करता येत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या अन्नघटक तक्त्यांत शंभर ग्रॅम ज्वारीत ३३४, गव्हाच्या पिठात ३२० आणि पांढऱ्या तांदळात ३५६ कॅलरी दिलेल्या आहेत. हा फरक इतका थोडा आहे की गिरणीतून गव्हाऐवजी ज्वारीचे दळण आणल्याने वजनकाट्यावर काही दिसणार नाही. भाकरीचा खरा लाभ दुसरीकडे आहे : ती पाण्यात थापली जाते, तिला तेलाचा हात लागत नाही, ती चावून खावी लागते आणि सोबत पातळ कालवण लागतेच. उलट शिजलेला भात भरपूर पाणी धरून ठेवतो, त्यामुळे शंभर ग्रॅम भातात १३०च्या आसपासच कॅलरी असतात. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला भात सोडायला सांगणे मला निर्दयपणाचे वाटते आणि त्याची गरजही नाही. वाटीने मोजून भात घ्यावा आणि त्यावर आमटी, भाजी सढळ हाताने घ्यावी.

आजीने कॅलरी मोजल्या नाहीत हे खरेच आहे. मात्र तिच्या घरात तेल किती येत होते तेही पाहायला हवे. १९५०च्या दशकात आपल्या देशात खाद्यतेलाचा दरडोई खप वर्षाला जेमतेम ३ किलो होता. आज तो १९ किलोच्या आसपास आहे. शिवाय जात्यावरचे दळण, विहिरीवरून आणलेले पाणी आणि शेतातली कामे यांत तिचे जे कष्ट होत, ते आपल्या दिवसात राहिलेले नाहीत. तिच्या ताटातली चमचाभर तुपाची धार आपण तेवढी लक्षात ठेवली आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा आक्षेप, भुकेचा. जेवणाच्या वेळेआधी भूक लागणे योग्यच आहे, तिची भीती बाळगू नये. पण जेवून उठल्यावर तासाभरात कासावीस करणारी भूक सोसायला सांगणारा कोणताही आहार टिकत नाही, आणि तो टिकला नाही म्हणून बाई स्वतःला दोष देत राहते, याचे मला फार वाईट वाटते. पोट भरणे आणि कॅलरी मिळणे या दोन गोष्टी एकमेकींपासून बऱ्याच स्वतंत्र आहेत, आणि हे मोजून पाहिलेले आहे. सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली ३८ पदार्थ प्रत्येकी २४० कॅलरींच्या वाट्याने लोकांना खायला देऊन पुढचे दोन तास भूक कितपत भागली ते नोंदवले. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले, तेव्हा उकडलेल्या बटाट्याला ३२३ मिळाले आणि क्रोसाँ या लोणीदार फ्रेंच पावाला ४७. वजन उतरवणारे लोक सर्वांत आधी ज्या बटाट्याला घराबाहेर काढतात, तो उकडून खाल्ला तर सगळ्यांत पोटभरीचा ठरला. तळून वेफर्स केले की हिशेब अर्थातच पार बदलतो.

त्याहून मला आपल्या स्वयंपाकघराच्या जवळचा वाटतो तो अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या बार्बरा रोल्स यांचा १९९९चा प्रयोग. त्यांनी जेवणाआधी काही स्त्रियांना एकदा कोंबडी-भाताचा घट्ट पदार्थ दिला, एकदा तोच पदार्थ आणि सोबत पेलाभर पाणी दिले, आणि एकदा तेच पाणी त्या पदार्थात घालून सूप करून दिले. सूप प्यायल्यावर पुढच्या जेवणात त्या कमी जेवल्या. पाणी शेजारी ठेवून प्यायल्याने तसा फरक पडला नाही. पाणी अन्नात शिजलेले असले तर पोट ते अन्न म्हणून धरते. आपल्याकडे हे सूप विकत आणावे लागत नाही. टोमॅटोचे सार, कडधान्य शिजवल्यावर उरलेल्या पाण्याचे कळण, कुळथाचे पिठले, पातळ मुगाची आमटी हे सारे तेच काम करते. जेवायला बसल्यावर आधी वाटीभर सार आणि काकडी-टोमॅटोची कोशिंबीर संपवावी, मग भाकरीला हात घालावा.

एक उदाहरण ताटात मांडून दाखवते. चातुर्मासात उपवासाला साबुदाण्याची खिचडी हलकी म्हणून खाल्ली जाते. ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचे कूट, दोन लहान चमचे तूप आणि अर्धा बटाटा इतके साहित्य घेतले तर एका बशीत ४७५च्या आसपास कॅलरी होतात. दुसऱ्या बाजूला ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी, ४० ग्रॅम मटकीला मोड आणून लहान चमचाभर तेलात कांदा-टोमॅटो घालून केलेली उसळ, एका मोठ्या काकडीची कोशिंबीर आणि पेलाभर ताक, हे सगळे मिळून ४५० कॅलरींच्या आत बसते. वजनाला मात्र ते खिचडीच्या दुपटीहून जास्त भरते आणि प्रथिनेही दुपटीच्या आसपास मिळतात. उपवास पाळायचाच असेल, आणि श्रद्धेने पाळणाऱ्यांना तो मोडा असे मी कधीही म्हणणार नाही, तर पातळसर वरईचा भात, उकडलेले रताळे, काकडी आणि ताक हा बेत पोटाला अधिक आधार देतो.

पाकिटांविषयी थोडेच सांगते. पाकिटावरचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याचा नियम आहे, म्हणून समोर ‘मल्टिग्रेन’ लिहिलेले असले तरी मागे पहिले नाव मैद्याचे असेल तर तो मैद्याचाच पदार्थ समजावा. कॅलरी ‘शंभर ग्रॅममागे’ या रकान्यातच वाचाव्यात. एका वाट्याचा रकाना पाहिला की दोन बिस्किटांचा हिशेब दिसतो, आणि दोन बिस्किटांवर कोणी थांबत नाही. पचनाला चांगली म्हणून विकली जाणारी बिस्किटेही शंभर ग्रॅममागे पाचशेच्या जवळ जातात. चार वाजता काही हवेच असेल तर फुटाणे आणि कुरमुरे आणून ठेवावेत, कांदा-टोमॅटो-कोथिंबीर घालून भेळ करावी, शेव टाळावी.

दुधाचे मात्र प्रत्येक घरात तपासायला हवे. फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये ३ आणि डबल टोन्डमध्ये दीड. दिवसाला एक लिटर फुल क्रीमऐवजी टोन्ड आणले तर घरात जवळपास तीनशे कॅलरी कमी येतात, आणि पिशवीही स्वस्त पडते. घरी साय काढून तूप कढवत असाल तर ते तूप तेलाच्या मापात धरायला विसरू नये.

शेवटी, सासूबाईंना मधुमेह आहे आणि गोळ्या चालू आहेत असे आपण लिहिले आहे. कमी तेल, जास्त भाजी आणि उसळी त्यांनाही मानवतील, पण त्यांच्या भाकरीचा किंवा भाताचा वाटा स्वतःहून एकदम कमी करू नये. मधुमेहाच्या काही गोळ्यांवर आणि इन्सुलिनवर असताना जेवण घटले तर रक्तातील साखर धोकादायक खाली जाऊ शकते. त्यांच्या डॉक्टरांना नवा बेत आधी दाखवावा आणि गोळ्यांचे प्रमाण बदलायचे का ते विचारून घ्यावे. तोवर आपल्या ताटापुरते बदल आजपासून करायला काहीच हरकत नाही, आणि या महिन्याची यादी करताना एखाद्या जिनसाविषयी शंका आली तर इथेच विचारा, मी उत्तर देईन.