आत्याला गुण आला होता

आज सकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा तोच संदेश आला: तुळस, हळद, ज्येष्ठमध आणि मिरे यांचा काढा एकवीस दिवस घेतल्यास ॲलर्जी मुळासकट जाते आणि म्हणे हे 'विज्ञानाने सिद्ध' झाले आहे. कुठे, किती जणांवर, कशाशी तुलना करून, याचा पत्ता नाही; खाली मात्र हात जोडलेल्यांची रांग.

गुण माझ्या आत्यालाही आला होता. वर्षानुवर्षे पहाटे उठल्याबरोबर वीस-पंचवीस शिंका देणारी आत्या एका वैद्य म्हणवणाऱ्या गृहस्थाच्या तपकिरी पुड्यांनी आठवड्याभरात शिंकायची थांबली. तीन महिन्यांत तिचा चेहरा असा टम्म सुजला की ओळखू येईना, रक्तातली साखर तीनशेच्या वर गेली, आणि डॉक्टरांनी पुडी तपासायला पाठवली तेव्हा तिच्यात स्टेरॉइड निघाले, म्हणजे ॲलर्जी झटकन दाबणारे, पण सूज आणि साखर वाढवणारे औषध. ते एकदम बंदही करता येईना. हळूहळू कमी करत आणावे लागले.

अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्झिन हे कफाचे औषध घडले, हे मान्य. ॲलर्जीच्या गोळ्यांनी काहींना झापड येते, हेही मान्य. पण मग दम्यावर दिल्या जाणाऱ्या दमवेलीचेही पाहा. १९६०च्या दशकाच्या अखेरीस दिल्लीत डॉ. शिवपुरी आणि सहकाऱ्यांनी दम्याच्या रुग्णांना तिचे रोज एक पान, असे सहा दिवस चावायला दिले; अनेकांची तोंडे आली, मळमळ झाली, तरी आराम दिसला. पुढे १९७९ साली, खरे औषध कोणाला आणि नुसते दिसायला तसे कोणाला हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही न कळू देता केलेल्या चाचणीत मात्र दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. आपल्याच देशात, आपल्याच वेलीची अशी परीक्षा झाली आहे. मग काढ्याची परीक्षा मागितली की लगेच 'परंपरेचा अपमान' कसा होतो? आत्याच्या पुडीवर प्रश्न विचारला, तेव्हाही मला हेच ऐकवले गेले होते, आणि ऐकवणारी माणसे नंतर दवाखान्यात फिरकलीसुद्धा नाहीत!

असो. संदेश पाठवणारे काका वाईट नाहीत. मला शिंक आली की सर्वांत आधी त्यांचाच फोन येतो, म्हणून तिथे काही न लिहिता इथे लिहितो आहे.

गेल्या रविवारी आत्याकडे गेलो होतो. ती आता डॉक्टरांनी दिलेला नाकातला फवारा वापरते, शिंकाही बऱ्याच कमी आहेत. चहाचा कप हातात देताना हळूच म्हणाली, "काही म्हण, पण त्या पुड्यांनी जो गुण आला ना, तो पुन्हा नाही रे आला."