‘मशीनला हात तरी लावलाय का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणाऱ्या पिशव्यांचं सील पक्कं बसू शकतं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर लातूरच्या एका डाळ पॅकिंगवाल्या वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली. तिचं सार असं: “हीट वाढवली की फिल्म जळते, कमी केली की सील सुटतं. ज्यांनी कधी मशीनला हात लावला नाही त्यांनी लोकांना शहाणपण शिकवू नये.” शिवाय भाव परवडत नाही, डाळीला ओल लागते, आणि या पिशव्या कुजवायची सोय आपल्याकडे आहे कुठे, हेही त्यात आहे.

साहेब, तुमचं मत वेगळं असेल तर असू द्या. पण “हात लावला नाही” हे तुम्ही कशाच्या जोरावर लिहिलंत? तुमची-माझी ना ओळख, ना पाळख. वाळूजच्या एमआयडीसीत मी हेल्पर म्हणून लागलो तेव्हा बँड सीलरचा, म्हणजे फिरत्या बेल्टमध्ये पिशवीचं तोंड धरून ते तापवून चिकटवणाऱ्या मशीनचा, तुटलेला बेल्ट बदलणं हेच माझं काम होतं. त्यातल्या तापलेल्या धातूच्या ब्लॉकचा चटका बसल्याचा डाग मनगटावर अजून आहे. पुढे ऑपरेटर झालो, मग जालन्यात स्वतःचं छोटं पॅकिंग सुरू केलं. सील सुटलेला माल परत आला की नुकसान कोणाचं होतं, हे मला कोणी सांगायची गरज नाही. शिकवायला बसलेला माणूस म्हणून तुम्ही मला हिणवलंत, ते मला लागलं. लागलं म्हणूनच एवढं लिहितोय.

आता हीट वाढवण्या-कमी करण्याबद्दलच्या तुमच्या वाक्याकडे येतो. तुम्ही पाहिलंत ते खरं आहे, त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा आहे. साधी एलडीपीई, म्हणजे नेहमीच्या पिशवीचं प्लास्टिक, साधारण 105 ते 115 अंश सेल्सिअसला वितळते आणि पुढे थोडं जास्त तापलं तरी सांभाळून घेते. कंपोस्टेबल पिशवीत बहुतेक वेळा पीबॅट नावाचं कुजणारं लवचीक प्लास्टिक असतं, जोडीला पीएलए (वनस्पतींपासून केलेलं, जरा कडक प्लास्टिक) किंवा स्टार्च. पीबॅट 115-120 च्या आसपास वितळतं, पीएलए 150 ते 170 मध्ये. अशा मिश्रणात सील धरण्याच्या आणि फिल्म बिघडण्याच्या तापमानाची हद्द जवळजवळ असते. जुन्या पिशवीची सेटिंग तशीच ठेवून नुसती हीट वर-खाली केली, तर तुम्हाला दिसलं तेच दिसणार.

डिस्प्लेवर दिसतो तो आकडा ब्लॉकचा. फिल्मच्या आतल्या बाजू किती तापल्या हे बेल्टच्या वेगावरही ठरतं. म्हणून हीटला हात लावायच्या आधी बेल्ट हळू करा. दुसरं म्हणजे पिशवी खालून पुढे नेणाऱ्या कन्व्हेअरची उंची बघा. तो खाली असला की भरलेली पिशवी बेल्टला लटकते आणि किलोभर डाळीचं वजन गरम, अजून न धरलेल्या सीलला ओढतं. एलडीपीई हे सोसते, ही फिल्म सोसत नाही. सील थंड करणाऱ्या कूलिंग ब्लॉकमधून बाहेर येईपर्यंत पिशवीला खालून आधार हवा. हे मी लेखात लिहिलं होतं, तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसावं.

आणि फिल्म बदनाम करण्याआधी सील तपासा तरी! सीलला आडवी 15 मिलिमीटरची पट्टी कापा आणि दोन्ही टोकं हळूहळू ओढा. शेजारची फिल्म फाटली तर सील उत्तम. सालीसारखं सुटत गेलं तर उष्णता किंवा वेळ कमी पडला, नाहीतर डाळीची भुकटी मध्ये अडकली. सीलच्या आतल्या काठावर, बरोबर रेषेवर तुटलं तर हीट किंवा दाब जास्त झाला, तिथे फिल्म पातळ झालेली असते. सीलमध्ये टाचणीच्या टोकाएवढे फुगे दिसले तर रोलने ओल धरली आहे. श्रावणात उघडा रोल शेडमध्ये ठेवला की स्टार्चवाल्या फिल्मचं हे हमखास होतं. रोल प्लास्टिकमध्ये गुंडाळूनच ठेवायचा.

पायाने दाबायच्या इम्पल्स सीलरबद्दल (दाबल्यावर क्षणभरच तापणारं मशीन) मागच्या लेखात मी एकच ओळ लिहिली होती, ती अपुरी होती हे मान्य. त्यावरचं टेफ्लॉन कापड जिथे तपकिरी पडतं तिथे सील कच्चं राहतं, एवढं इथे जोडतो.

भाव, ओल, कंपोस्टची सोय हे सगळे वेगळे विषय आहेत, एका सीलच्या लेखात ते कोंबता येत नाहीत. त्यावरून लेख खोटा ठरत नाही.

पुन्हा लिहाल तेव्हा फिल्म किती मायक्रॉनची (म्हणजे किती जाड), बेल्टचा वेग किती, ब्लॉकवरचा आकडा किती आणि पट्टी ओढल्यावर नेमकी कुठे तुटली, एवढं कळवा. त्यावर बोलायला मी कधीही तयार आहे. माझ्या हातांबद्दल बोलणार असाल तर मात्र उत्तर येणार नाही.