काका जरा घाबरले होते

काल रात्री जेवताना व्हॉट्सॲपवर फोटो आला. हरिहर गडाच्या पायऱ्यांवर एक माणूस पालीसारखा कातळाला चिकटलाय, डोळे मिटलेले, गाल दगडावर. फोटो वरून काढलेला. त्यामुळे डोक्याच्या मधोमध पाच रुपयाच्या नाण्याएवढं काहीतरी चकाकतंय. खाली लिहिलंय, 'काका जरा घाबरले होते' आणि तीन स्मायल्या.

तो काका म्हणजे मी. वय एक्केचाळीस. पाठवणारा माणूस रिटायर्ड आहे, रिटायर्ड! आणि ते चकाकणारं काय आहे ते मला आजवर माहीतच नव्हतं. बायकोला होतं म्हणे, दोन वर्षांपासून.

तर ऑफिसातल्या पोरांनी टूम काढली, रविवारी हरिहर करू, सोप्पाय, दुपारी जेवायला घरी. पहाटे नाशिकहून निघालो, त्र्यंबक मागे टाकलं, निरगुडपाड्याला गाडी लावली (लावली म्हणजे बांधावर कलंडवली, एवढी गर्दी), घाम गाळत पायऱ्यांपाशी पोचलो. पोरं तोवर वर.

या पायऱ्या फोटोत सगळ्यांनीच बघितलेल्या असतात. पण पायथ्याशी उभं राहून मान वर केली की कळतं, याला जिना म्हणतात ते दुसरा शब्द नाही म्हणून. ऐंशी अंशाचा कातळ, एका वेळी एकच माणूस मावेल एवढी रुंदी, आणि पायरीला कडेला हात अडकवायला खोबण्या. १८१८ साली इंग्रजांनी गड घेतला तेव्हा कॅप्टन ब्रिग्ज नावाच्या साहेबाला हे बघून भिंतीला टेकवलेली शिडी आठवली. तेव्हा कितीतरी गडांच्या वाटा सुरुंगानं उडवल्या, ही मात्र राहिली. लोक म्हणतात साहेब देखणेपणावर भाळला. मला वाटतं त्यानं विचार केला असेल, राहू दे, इथं कोण मरायला येतंय. त्यानं रविवार बघितला नव्हता.

अर्ध्यात गेलो आणि ट्रॅफिक जाम. वरून उतरणारे, खालून चढणारे, मध्ये इंच जागा नाही, आणि कुणाच्या तरी सॅकमधल्या स्पीकरवर ढिंगच्याक चालू. माझ्या नाकासमोर एक चामडी सँडल. सँडलच्या वर इस्त्रीची पँट, घडीसुद्धा मोडलेली नाही, गळ्यात कापडी पिशवी, आणि तोंडानं जप चाललेला. मला वाटलं रामरक्षा. नीट ऐकलं तर "सदुसष्ट... अडुसष्ट..."

मी आपलं सहज विचारलं, "वर मोकळं होतंय का हो?"

जप थांबला. सँडल जागच्या जागी वळली. "मोडलंत ना काका!"

"काय मोडलं?"

"मोजणी! कुणी एकशे सतरा म्हणतं, कुणी आणखी काही सांगतं, म्हटलं स्वतः बघू. मी ऑडिटमध्ये होतो. आकड्याला आकडा लागला पाहिजे. आता कितीवर होतो मी?"

"अडुसष्ट. आणि मी काका नाहीये."

"नक्की ना? अंदाजे नको. असं करा काका, तीन पायऱ्या खाली सरका. ती फुटकी दिसतेय ना, ती पासष्ट, तिथून परत धरतो."

माझ्या खाली तीसेक माणसं होती. मी म्हटलं शक्य नाही. पण ते उतरायलाच लागले, आणि सँडल बोटांवर येतेय म्हटल्यावर माणूस काय करणार, सरकलो. माझ्या खालचा सरकला. "खाली व्हा रे, वर काहीतरी झालंय!" हा निरोप खाली जाता जाता "कुणीतरी पडलं" असा झाला, तळाशी एक मुलगी रडायला लागली, मध्येच कुणीतरी "हर हर महादेव" सुरू केलं आणि सगळ्यांनी धरलं. एका ऑडिटसाठी पूर्ण रांग तीन पायऱ्या रिव्हर्स!

"पासष्ट," ते समाधानानं म्हणाले आणि खोबणीतून एक हात सोडून खिशातला मोबाईल काढला. "काका, इकडे बघा. पुरावा असू दे."

मी इकडेतिकडे कुठेच बघत नव्हतो.

हसताय, पण मला खरंच राग येतो. पार्किंगची पावती फाडायला खाली तिघं उभे होते, पायऱ्यांपाशी शिटी घेऊन एकसुद्धा नाही. अर्धा तास वर, अर्धा तास खाली, एवढं सांगायला काय लागतं? एकाचा पाय निसटला तर खालची वीस जातील. मग बातमी, मग बंदी, मग पुढच्या पावसाळ्यात पुन्हा जत्रा. वर गडावर तळं आहे, मारुती आहे, शेजारी भास्करगड, लांबवर वैतरणेचं पाणी, डोळ्यांचं पारणं फिटावं असं सगळं, आणि तळ्याच्या काठाला चिप्सची पाकिटं.

तिथंच त्यांनी मला दशमी दिली. चटणी लसणाची, फर्स्टक्लास, ते मान्य करायलाच पाहिजे. फोटो पाठवतो म्हणून नंबर घेतला. मोजणी भरली का विचारलं तर चेहरा पडला. दरवाजाच्या पुढं वाकून जायची कपार आहे, तिच्यानंतर पुन्हा पायऱ्या लागतात, त्या यात धरायच्या की वेगळ्या, यावर त्यांचं स्वतःशीच एकमत होईना.

आज सकाळी मेसेज आलाय. 'काका, पुढच्या रविवारी येता का? टॅली करायचंय. तुम्ही खालून मोजा, मी वरून.'

बायको म्हणते, जा ना. फक्त टोपी घालून जा.